ताई ची शिकताना आधी पाय, मग कंबर, शेवटी हात: पहिल्या बारा आठवड्यांचा क्रम

ताई ची म्हणजे सावकाश, सलग हालचालींची चिनी व्यायामपद्धती. ती शिकायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण हातांपासून सुरुवात करतो. व्हिडिओत डोळ्यांत भरतात ते हातच. पंधरा दिवसांत हालचालींचा क्रम पाठ होतो, महिन्याभरात गुडघ्याची आतली बाजू ठणकायला लागते आणि "हे आपल्याला मानवत नाही" म्हणून सोडून दिलं जातं. मी स्वतः पहिलं वर्ष असंच वाया घालवलं आणि पुढचे सहा महिने गुडघा सांभाळण्यात गेले. आमच्या सकाळच्या गटात नवे लोक येतात तेही बहुतेक हीच चूक घेऊन येतात. म्हणून हा क्रम सविस्तर लिहितो आहे.

यात यांग शैलीतला (ताई चीच्या मुख्य घराण्यांपैकी एक) २४ हालचालींचा संच धरला आहे. चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ साली नवशिक्यांसाठी तो बसवला आणि आज जगभरच्या वर्गांत बहुतेक ठिकाणी तोच शिकवतात. पूर्ण संच करायला पाच ते सहा मिनिटं लागतात. बारा आठवड्यांत आपण त्यातल्या फक्त पहिल्या पाच हालचाली करणार आहोत. कमी वाटतील. पण त्या पाच नीट बसल्या, तर पुढच्या बऱ्याचशा हालचालींना पाय तयार मिळतात.

## सुरू करण्याआधी

शरीर. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, चक्कर येत असेल, हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल, गरोदरपण असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. विचारताना "ताई ची करू का?" एवढंच विचारू नका. "गुडघे थोडे वाकवून हळूहळू एका पायावर वजन घ्यायचं आहे, चालेल का?" असं विचारलंत तर नेमकं उत्तर मिळेल.

मग एक सोपी चाचणी. जड खुर्चीच्या पाठीला एका हाताची बोटं टेकवून उभे राहा, एक पाय जमिनीपासून चार बोटं वर उचला आणि दहापर्यंत मोजा. दोन्ही पायांवर जमलं तर पुढे चला. नाही जमलं तरी शिकता येतं, पण पहिल्या चार टप्प्यांत खुर्ची किंवा भिंत हाताशी ठेवायची.

जागा. साधारण चार मीटर लांब आणि दोन मीटर रुंद मोकळी जागा पुरते. हा संच मुख्यतः एका रेषेत पुढे-मागे जातो, त्यामुळे गॅलरी किंवा हॉलमधली लांबट जागा चालते. गच्ची उत्तम, पण पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या गच्चीवर जाऊ नका. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून करणं तर सरळ पडायला आमंत्रण आहे.

सावध: योगासनांची मॅट वापरू नका. ती पाऊल धरून ठेवते. आसनात त्याचा उपयोग होतो, पण इथे पाऊल वळवावं लागतं. मॅटला चिकटलेलं पाऊल वळत नाही, आणि मग तो पीळ गुडघा घेतो.

पादत्राणं. सपाट, पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट सगळ्यांत बरे. पळण्याचे जाड टाचेचे बूट माणसाला पुढे ढकलतात आणि तळव्याखाली काय चाललं आहे ते कळू देत नाहीत. घरात अनवाणी केलं तरी चालेल. रेशमी चिनी पोशाखाची काही गरज नाही. ढगळ पायजमा किंवा सलवार पुरे, फक्त कापड इतकं घोळदार नको की गुडघा कुठे आहे ते दिसेनासं होईल.

वेळ. रोज वीस मिनिटं. रविवारी दोन तास करून आठवडाभर सुट्टी घेतली तर पाय दर रविवारी पुन्हा पहिल्यापासून शिकतात. भरल्या पोटी करू नका.

शैली आणि शिक्षक. मुख्य घराणी पाच: चेन, यांग, वू, हाओ आणि सुन. हाओ शैलीलाही वू म्हणतात, पण ती दुसरी. नावावरून गोंधळू नका. चेन शैलीत हळू हालचालींच्या मध्येच वेगवान फटके आणि पाय आपटणं येतं. पन्नाशीनंतर सुरुवात करणाऱ्याने तिथून सुरू करू नये असं माझं मत आहे. सुन शैलीतला पवित्रा उंच असतो, त्यामुळे ती गुडघ्यांना सोपी जाते. जवळ चांगला शिक्षक ज्या शैलीचा मिळेल ती घ्या, मात्र पहिले तीन महिने दोन शैलींची सरमिसळ करू नका.

चांगला शिक्षक ओळखायचा कसा? एक दिवस वर्ग नुसता बघायला जा. तो नवशिक्यांच्या पावलांकडे बघतो का? गुडघा आत झुकला की थांबवतो का? ज्यांना खाली बसता येत नाही त्यांना उंच उभं राहू देतो का? या तिन्ही गोष्टी दिसल्या तर तिथे नाव घाला. नुसतं "माझ्या मागून करत राहा" एवढंच चालत असेल तर परत या.

शिक्षक नसेल आणि व्हिडिओवरच शिकायचं असेल, तर पाठमोऱ्या शिक्षकाचा व्हिडिओ निवडा. समोरून शिकवणाऱ्याचा डावा पाय तुमच्या उजव्या हाताला दिसतो, आणि अख्खा संच उलटा बसलेले लोक मी पाहिले आहेत. खात्री करायची खूण अशी: या संचात पहिलं पाऊल डावं पडतं.

## टप्पा १: नुसतं उभं राहणं (पहिला आठवडा)

याला चिनी भाषेत वूजी म्हणतात. सगळे जण हा टप्पा गाळतात.

१. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर, एकमेकांना समांतर. आपल्याकडे बरेच जण नकळत चवडे बाहेर फेकून उभे राहतात, म्हणून फरशीची रेघ बघून पावलं लावा.

२. गुडघ्यांचं कुलूप काढा. वाकवायचे नाहीत, फक्त मागे ताणलेले असतील तर सैल सोडायचे.

३. उंच स्टुलाच्या कडेवर टेकणार आहात अशा बेताने माकडहाड खाली सोडा. कमरेची मागची खोलगट बाजू थोडी भरून येईल.

४. छाती पुढे काढू नका. खांदे खाली, काखेत एखादं लिंबू मावेल एवढी जागा.

५. हनुवटी किंचित आत. डोक्याचा मागचा भाग वर उचलला जातो आहे असं वाटलं पाहिजे.

६. तळव्याच्या तीन ठिकाणी वजन जाणवू द्या: अंगठ्याचा बुंधा, करंगळीचा बुंधा आणि टाच.

दोन मिनिटांपासून सुरू करून आठवड्याअखेर पाच मिनिटांपर्यंत न्या.

योगासनं करणाऱ्यांना हा टप्पा जास्त अवघड जातो. ताडासनात गुडघ्याची वाटी वर खेचायची, मांड्या आवळायच्या, छाती उघडायची असं अंगवळणी पडलेलं असतं. इथे नेमकं ते सोडायचं आहे. चिनी शब्द आहे सुंग. त्याचा अर्थ सैल, पण गळाठलेला नव्हे. झोपलेल्या बाळाला खांद्यावर घेऊन उभी असलेली बाई आठवा. तिचं अंग ताठ नसतं, पण बाळ घसरतही नाही.

तपासा: उभे असताना पायाची सगळी बोटं वर उचलून बघा. सहज उचलली तर वजन बरोबर आहे. बोटं जमिनीत रुतली असतील तर तुम्ही पुढे झुकला आहात.

## टप्पा २: वजन रिकामं करणं (पहिला आणि दुसरा आठवडा)

ताई चीमध्ये पाय भरलेला असतो किंवा रिकामा असतो. वजन एका पायातून दुसऱ्या पायात कसं जातं हे ज्याला कळलं, त्याच्या हाती मुख्य किल्ली आली.

वूजीत उभे राहा. गुडघे थोडे वाकवा, जिना चढताना वाकतात त्याहून कमीच. आता डोक्याची उंची न बदलता कमर उजवीकडे सरकवा. उजव्या पायावर संपूर्ण वजन जाऊ द्या, म्हणजे शंभर टक्के. मग तितक्याच सावकाश डावीकडे. एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला चार आकडे मोजा.

दोन गोष्टी इथे हमखास बिघडतात. एक, लोक कमर सरकवण्याऐवजी धड वाकवतात. खांदा उजवीकडे जातो आणि वजन मात्र मधेच राहतं. दुसरी, वजन घेणारा गुडघा आत झुकतो. गुडघ्याची वाटी नेहमी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला राहिली पाहिजे. हा नियम पुढे प्रत्येक हालचालीत लागतो, म्हणून आत्ताच पक्का करा.

तपासा: वजन उजव्या पायावर नेलंत की डावा पाय जमिनीपासून फक्त एक कागद जाईल एवढा उचला. उचलताना अंगाला झटका बसला, किंवा उजवीकडे आणखी सरकावं लागलं, तर पाय रिकामा झालेलाच नव्हता. झटक्याशिवाय दोन्हीकडे दहा-दहा वेळा जमेपर्यंत टप्पा ३ कडे जाऊ नका.

## टप्पा ३: पाऊल वळवणं (तिसरा आठवडा)

गुडघे दुखतात ते इथे. म्हणून थोडं थांबून वाचा.

गुडघा बिजागरीसारखा पुढे-मागे चालतो. पीळ सोसणं हे मुख्यतः खुब्याचं काम. पावलावर वजन ठेवूनच तुम्ही अंग वळवलंत, तर पाऊल जमिनीला खिळलेलं राहतं, वर मांडी फिरते आणि मधल्या मधे गुडघा पिळवटला जातो. एकदा केल्याने काही होत नाही. पण एका संचात पावलं कितीतरी वेळा वळतात, आणि रोज दोन-तीन संच केले की महिन्याभरात हा पीळ आपला हिशेब वसूल करतो.

नियम साधा आहे: आधी रिकामं करा, मग वळवा, मग भरा.

१. डावा पाय एक पाऊल पुढे ठेवून उभे राहा, वजन डाव्यावर.

२. वजन मागे उजव्या पायावर घ्या, मागच्या खुर्चीत बसायला निघाल्यासारखं.

३. डाव्या पायाचा चवडा उचला. टाच टेकलेली राहू दे.

४. आता पाऊल साधारण ४५ अंश बाहेर वळवा. वळण खुब्यातून आलं पाहिजे. मांडी, गुडघा आणि पाऊल तिन्ही एकत्र फिरले पाहिजेत.

५. चवडा टेकवा. मगच वजन त्या पायावर आणा.

काही शिक्षक वजन न काढताच पाऊल वळवायला शिकवतात. वर्षानुवर्षं केलेल्या माणसाला ते झेपतं, कारण त्याचा खुबा मोकळा झालेला असतो. नवशिक्याने ते करू नये. वर्गात तसं शिकवत असतील तर शिक्षकांना नम्रपणे सांगा की सध्या मी वजन काढून वळवतो. समजूतदार शिक्षक हरकत घेणार नाहीत.

सावध: मांडीचे स्नायू भरून आले, जिना उतरताना पाय लटपटले, तर घाबरू नका, ते दोन दिवसांत जातं. पण गुडघ्याच्या आत टोचणारी, नेमक्या एका जागी असलेली किंवा सूज घेऊन येणारी दुखणी म्हणजे थांबायची खूण आहे. त्या दिवशी फक्त टप्पा १ करा. आठवड्याभरात गेली नाही तर डॉक्टर गाठा.

## टप्पा ४: ताई चीची चाल (तिसरा ते पाचवा आठवडा)

आता वजन, वळण आणि पाऊल एकत्र करायचं. हात कमरेवर ठेवा. अजून हात हलवायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी.

१. वजन उजव्या पायावर. डावा पाय रिकामा करून उजव्याच्या घोट्याशेजारी आणा. तोल जात असेल तर चवडा हलकेच टेकवा.

२. डावा पाय पुढे आणि किंचित डावीकडे टाका. आधी टाच, वजन शून्य. अंधारात अनोळखी जिन्याची पायरी पायाने चाचपतो, तसं. पायरी नाही असं कळलं तर पाय परत घेता आला पाहिजे.

३. चवडा टेकवा आणि वजन हळूहळू पुढे आणा. पुढचा गुडघा वाकेल, मागचा पाय जवळजवळ सरळ होईल, पण त्याचंही कुलूप लागू देऊ नका. वजन पुढे यायला लागताच मागची टाच थोडी बाहेर ढकलून ते पाऊल साधारण ४५ अंशांत बसवा.

४. हा धनुष्य पवित्रा झाला. वजन साधारण सत्तर टक्के पुढे, तीस मागे.

५. पुढचं पाऊल टाकण्यासाठी मागे बसा, डावा चवडा उचलून बाहेर वळवा (टप्पा ३), वजन भरा, उजवा पाय डाव्या घोट्याशी आणा आणि पुढे.

सगळ्यांत जास्त आढळणारी चूक म्हणजे दोन्ही पाय एका दोरीवर ठेवणं. दोरीवरच्या पवित्र्यात तोल राहतच नाही, आणि मग तोल सावरायला खांदे ताठ होतात. पावलं रेल्वेच्या दोन रुळांवर ठेवा. दोन टाचांमध्ये आडवं अंतर एक वीतभर तरी हवं.

दुसरी चूक लांब पाऊल. टाच वजन न टाकता जिथवर पोहोचेल, तिथवरच तुमचं पाऊल. धपकन् पडलं तर ते लांब होतं.

तिसरी चूक खाली बसण्याची हौस. फोटोत जमिनीलगत गेलेले खेळाडू दिसतात, ते स्पर्धेतले असतात आणि लहानपणापासून तयार झालेले असतात. तुमची उंची अशी ठेवा की वीस मिनिटं बोलत बोलत करता आलं पाहिजे. उंच पवित्र्यात केलेलं अचूक काम खोल पवित्र्यातल्या ढिसाळ कामापेक्षा शंभरपट बरं, हे मी अगदी मनापासून सांगतो.

तपासा: धनुष्य पवित्र्यात थांबा आणि खाली बघा. गुडघ्यापुढे पायाची बोटं दिसली पाहिजेत. दिसत नसतील तर गुडघा जास्त पुढे गेला आहे. मग मोबाइल जमिनीवर, गुडघ्याच्या उंचीला, समोर ठेवून दोन मिनिटं चित्रीकरण करा. बघताना फक्त गुडघे बघा. आत झुकणारा गुडघा स्वतःला जाणवत नाही, चित्रात मात्र लगेच दिसतो.

## टप्पा ५: कंबर (सहावा आठवडा)

हात कंबर हलवते, हे वाक्य प्रत्येक वर्गात ऐकू येतं. पण ते अंगात कसं उतरवायचं?

ज्यांनी घरात जातं फिरताना पाहिलं आहे त्यांना पटकन कळेल. दळणारी बाई खुंटा नुसत्या दंडाने ओढत नाही. तसं केलं तर पायलीभर दळताना खांदा निखळेल. ती कमरेतून पुढे-मागे होते, आणि हात फक्त खुंटा धरून सोबत जातो. ताई चीतला हात असाच सोबत जाणारा असतो.

सराव: वूजीत उभे राहा, गुडघे सैल, हात मोकळे लोंबते. बेंबी डावीकडे वळवा, मग उजवीकडे, साधारण ३० ते ४५ अंशांपर्यंत. हात आपोआप अंगाभोवती लपेटतील, त्यांना उचलू नका. वळताना जांघेची घडी त्या बाजूला आत मिटते, दुसऱ्या बाजूची उघडते. हीच घडी शोधायची आहे. गुडघे मात्र जागच्या जागी, पुढे बघत. गुडघे कमरेबरोबर फिरू लागले तर वळण कमी करा.

तीन-चार दिवसांत हे जमतं. मग टप्पा ४ ची चाल करताना प्रत्येक पावलाला कंबर त्या बाजूला वळू द्या.

## टप्पा ६: पहिल्या दोन हालचाली (सातवा आणि आठवा आठवडा)

आता हात.

सुरुवात. पाय जुळवून उभे. वजन उजव्यावर घेऊन डावा पाय खांद्याइतक्या अंतरावर ठेवा. दोन्ही हात समोर खांद्याच्या उंचीपर्यंत तरंगत वर येऊ द्या, तळवे खाली. मग गुडघे थोडे वाकवत हात पोटाच्या उंचीवर उतरवा. वर जाताना खांदे कानाकडे गेले की तिथेच थांबा, पुन्हा करा. कोपरं मनगटांच्या खाली राहिली पाहिजेत.

जंगली घोड्याची आयाळ विभागणे. सुरुवातीला तुमचं तोंड ज्या दिशेला होतं, त्याच्या डाव्या हाताकडे ही हालचाल जाते. ती तीनदा येते: डावी, उजवी, डावी.

१. कंबर किंचित उजवीकडे. वजन उजव्या पायावर. उजवा हात छातीसमोर, तळवा खाली. डावा हात पोटासमोर, तळवा वर. दोन हातांत फुटबॉल धरल्यासारखं दिसेल. डावा पाय उजव्या घोट्याशी.

२. कंबर डावीकडे वळवत डावी टाच पुढे टाका. चेंडू अजून हातांतच आहे.

३. वजन पुढे येऊ लागलं की हात सुटू लागतात. डावा हात तिरका वर, डोळ्यांच्या उंचीला, तळवा स्वतःकडे तिरपा. उजवा हात खाली उजव्या मांडीशेजारी, तळवा जमिनीकडे, बोटं पुढे.

४. पाय धनुष्य पवित्र्यात स्थिरावला त्याच क्षणी हातही पोहोचले पाहिजेत.

या चौथ्या कलमावर पूर्ण एक आठवडा घालवा. नवशिक्याचे हात आधी पोहोचतात आणि पाय मागून येतात, कारण डोकं हातांचा विचार करत असतं. उपाय असा: वजन पुढे नेताना मनात एक ते चार मोजा. दोनपर्यंत हात निम्म्यावर, चारला शेवटी. हात घाई करत असतील तर हात काढून टाका, नुसत्या पायांनी तीनदा करा, मग पुन्हा हात जोडा.

दुसऱ्या बाजूला जाताना टप्पा ३ आठवा: मागे बसा, चवडा उचला, कंबर आणि पाऊल एकत्र वळवा, वजन भरा, डावा तळवा खाली फिरवून नवा चेंडू धरा. आता डावा हात वर, उजवा खाली.

तपासा: आयाळीच्या शेवटच्या स्थितीत कोणाला तरी तुमचा वरचा हात मनगटाशी हलकेच खाली दाबायला सांगा. हात दोरीसारखा गळून पडला तर फार सैल आहे. खांद्यासकट अंग डोललं तर फार ताठ. हात थोडा लवून परत जागेवर आला पाहिजे.

## टप्पा ७: पुढच्या तीन हालचाली (नववा ते अकरावा आठवडा)

पांढरा करकोचा पंख पसरतो. मागचा उजवा पाय अर्धं पाऊल पुढे घ्या आणि सगळं वजन त्यावर बसवा. डावा पाय समोर, फक्त चवडा टेकलेला. हा रिकामा पवित्रा. उजवा हात कपाळाच्या उजव्या बाजूला वर, डावा हात डाव्या मांडीशेजारी खाली. इथे लोक पुढच्या पायावर वजन टाकून टेकतात. पुढचा पाय केव्हाही उचलता येतो का, एवढंच बघा.

गुडघ्यावरून हात फिरवून ढकलणे. पुन्हा तीनदा: डावी, उजवी, डावी. डाव्या बाजूला उजवा हात मागून वळसा घेत कानाजवळ येतो, डावा हात छातीवरून खाली उतरतो. डावं पाऊल टाका. डावा हात गुडघ्यावरून झाडल्यासारखा जाऊन मांडीशेजारी थांबतो आणि उजवा तळवा कानाजवळून पुढे, नाकाच्या उंचीला जातो. कोपर पूर्ण सरळ करू नका, आणि तळव्याच्या मागे धावत धडही पुढे झुकवू नका.

वीणा धरणे. चिनी नावात वाद्य पिपा आहे. उजवा पाय अर्धं पाऊल पुढे, वजन त्यावर, डाव्या पायाची आता टाच टेकलेली आणि चवडा वर. डावा हात समोर नाकाच्या उंचीला, उजवा तळवा डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला. करकोच्यात चवडा टेकतो, वीणेत टाच. ही अदलाबदल इतक्या जणांची होते की मी गटात मोठ्याने म्हणायला लावतो.

पाच नावं, पण कृती नऊ: सुरुवात एक, आयाळ तीन, करकोचा एक, गुडघा तीन, वीणा एक. करून झाल्यावर नऊ भरल्या का ते मोजा. आयाळ किंवा गुडघा दोनदाच केला तर पुढचं सगळं उलट्या पायावर येतं.

## टप्पा ८: वेग आणि श्वास (बारावा आठवडा)

पूर्ण संच पाच-सहा मिनिटांचा, म्हणजे या नऊ कृतींना दीड ते दोन मिनिटं लागावीत. घड्याळ लावून बघा. मिनिटाच्या आत संपत असेल तर कुठेतरी वजन पूर्ण न नेताच पुढे गेला आहात. त्या जागा शोधा, त्या बहुधा पाऊल वळवण्याच्याच असतात. उलट, प्रत्येक शेवटच्या स्थितीत आसन धरल्यासारखं थांबत असाल, तर तेही सोडायला हवं. एका हालचालीचा शेवट हीच पुढच्या हालचालीची सुरुवात.

श्वास इतक्या उशिरा का? कारण पाय अडखळत असताना श्वास मोजायला गेलात की माणूस नकळत तो रोखून धरतो. तोपर्यंत नाकाने, जसा येतो तसा घ्या. प्राणायाम करणाऱ्यांनी इथे कुंभक करू नये आणि घशातून आवाजही काढू नये. नऊ कृती विचार न करता होऊ लागल्या, की एवढंच लक्षात घ्या: हात वर येताना किंवा अंगाकडे येताना श्वास आत, खाली किंवा पुढे जाताना बाहेर. एखादी हालचाल लांबली तर मधेच जादा श्वास घ्या. हालचालीसाठी श्वास ताणायचा नाही.

## खंड पडला तर

लग्नसराई, आजारपण, प्रवास, काहीही होऊ शकतं. आठवडाभर सुटलं तर परतल्यावर पहिला दिवस टप्पा २, दुसरा टप्पा ४, तिसऱ्या दिवशी हालचाली. महिना सुटला तर प्रत्येकाला तीन-तीन दिवस द्या. हात विसरले असतील तर व्हिडिओ आहे. पाय विसरले आहेत हे मात्र व्हिडिओ सांगणार नाही, म्हणून कागदाएवढं पाऊल उचलण्याची तपासणी आधी करा.

## तेराव्या आठवड्यापासून

सहावी हालचाल मागे जाण्याची आहे, चार पावलं. तिथे आतापर्यंतचा नियम उलटतो: टाच आधी नाही, चवडा आधी. मागे टाकलेला चवडा टेकवा, तो रुळावर आहे ना ते बघा, मग टाच उतरवा आणि वजन मागे घ्या. पहिला आठवडा भिंतीला समांतर, एक हात भिंतीपासून चार बोटांवर ठेवून, नुसत्या पायांनी करा.